गळती आणि गृहस्थधर्म

गळती हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी नांदतो. महादेवाच्या देवळात पिंडीवर जे बारीक छिद्राचे तांब्याचे पात्र टांगलेले असते, त्यालाही गळती म्हणतात. आणि छपरातून, रांजणातून किंवा फुटक्या घागरीतून जे पाणी नकळत ठिबकते, तीही गळतीच. एकीपुढे आपण हात जोडतो, दुसरीमुळे जीव मेटाकुटीस येतो. वास्तविक दोन्हींत पाणी तेच आणि छिद्रही तेवढेच बारीक. मग भेद कोठे आहे? पिंडीवरची गळती हेतुपूर्वक लावलेली असते. तिची धार किती असावी हे कोणी तरी ठरवलेले असते, पात्र रिकामे होऊ लागले की ते भरणारा असतो, आणि खाली पडलेल्या पाण्याला शाळुंकेतून बाहेर जाण्याची वाट आधीच कोरून ठेवलेली असते. घरातल्या गळतीला हेतू नाही, राखणदार नाही आणि वाटही नाही. म्हणून तेच पाणी एके ठिकाणी तीर्थ ठरते आणि दुसरे ठिकाणी नाशाला कारण होते.

हा विचार आज करण्याचे कारण वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मासे ठेवण्याची काचेची पेटी आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. कलबुर्गी आणि बीदर ह्या शहरांतच नव्हे, तर आळंद तालुक्यातील आमच्या खजुरीसारख्या सीमेवरच्या गावांतही एखाद्या घराच्या बैठकीत ती दिसू लागली आहे. अशी पेटी गळू लागली आणि तिच्याखालची लाकडी बैठक पाण्याने फुगून कुजली, तर गृहस्थाने काय करावे, हा वरवर पाहता सुताराचा आणि काचवाल्याचा प्रश्न आहे. परंतु थोडे खोल पाहिले, तर त्यात एक नीतीचा प्रश्न दडलेला आढळतो. जो जीव आपण आपल्या हौसेने घरात आणला, ज्याला तक्रार करण्यास वाणी नाही आणि निघून जाण्यास मार्ग नाही, त्याच्याविषयी आपले देणे काय? आणि जो दोष आपल्याला दिसला नाही, किंवा दिसूनही आपण मनावर घेतला नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर कोठपर्यंत येते? ह्या दोन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम ह्या पेटीचा थोडा इतिहास. शोभेसाठी मासे पाळण्याची चाल चीन देशात फार जुनी आहे. पण काचेच्या भिंतींतून जलचरांचे जीवन पाहण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात रुजली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली माशांसाठी स्वतंत्र सार्वजनिक गृह उघडले गेले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथाने 'अॅक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले, आणि महाराष्ट्रातील मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी समुद्राचे पोट प्रथम तेथेच पाहिले. त्या काळच्या घरगुती पेट्यांना लोखंडी चौकट असे आणि काचा लांबीने बसवलेल्या असत. पुढे सिलिकोनचा चिकट लेप निघाला, चौकट गेली, आणि आज काच काचेलाच चिकटवून पेटी उभी केली जाते. पेटी दिसण्यास सुंदर झाली. परंतु तिचे सारे बळ आता त्या बोटाएवढ्या रुंदीच्याही नसलेल्या सांध्यांत आले, ही गोष्ट तिचे सौंदर्य पाहणाराच्या सहसा ध्यानात येत नाही.

ह्या सांध्यांवर आणि खालच्या बैठकीवर किती भार असतो, ह्याचा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी मध्यम पेटी घेतली, तर तिच्यात काठोकाठ सुमारे १३० लिटर पाणी मावते. पाण्याचा भार लिटरास एक किलो; म्हणजे १३० किलो पाणी, आणि त्यावर काच, वाळू, दगड वेगळे. ज्वारीचे भरलेले दीड पोते एका स्टुलावर वर्षानुवर्षे, रात्रंदिवस उभे करून ठेवण्यासारखेच हे आहे. पोते आपण असे ठेवले असते, तर खालचे लाकूड दर महिन्यास तपासले असते. पेटीत मासे हिंडताना दिसतात, म्हणून भार डोळ्यांना दिसत नाही.

आता अशी कल्पना करा, की एका सुखवस्तू घरात ही पेटी दोन वर्षे सुरळीत चालली. फाल्गुन संपला, ऊन तापू लागले, आणि पेटीतील पाणी रोज थोडे कमी होऊ लागले. घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, "अरे, पाणी उतरलेलं दिसतं." मुलाने उत्तर दिले, "उन्हाळा आहे, आप्पा. आटतंच." हे उत्तर खोटे नाही. आमच्या भागात वैशाखाचे ऊन बेचाळीस अंशांच्या वर जाते, हवा कोरडी असते, आणि उघड्या पाण्याची पातळी रोज काही मिलिमीटर खाली जाणे स्वाभाविक आहे. परंतु दर दोन सेकंदांस एक थेंब अशी गळती असली, तरी दिवसाकाठी दोन लिटरांहून अधिक पाणी जाते, आणि वर सांगितलेल्या पेटीची पातळी त्याने सुमारे सहा मिलिमीटर उतरते. म्हणजे उन्हाने आटणारे पाणी आणि छिद्रातून गळणारे पाणी ह्यांचे माप जवळजवळ सारखेच पडते. खरे कारण सोयीच्या कारणाच्या आड सुखाने लपून राहू शकते.

नीतीच्या विचारात हा बिंदू फार महत्त्वाचा आहे. मनुष्य बहुधा असत्याने फसत नाही. तो अर्धसत्याने फसतो. उन्हाने पाणी आटते हे सत्य होते, म्हणूनच ते उत्तर देणाऱ्याला पुढे पाहावेसे वाटले नाही. धर्मशास्त्राने नकळत घडलेला दोष आणि जाणून केलेला दोष ह्यांत भेद केला आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, आणि आपले बहुतेक प्रमाद तेथेच घडतात. ती जागा म्हणजे, कळून घेण्याचा उपाय हाताशी असताना कळून न घेणे. हा उपाय किती सोपा होता, ते पाहा. पेटीशेजारी एक पसरट पातेले पाण्याने भरून ठेवावे, दोहोंच्या पातळीवर खूण करावी, आणि दोन दिवसांनी पाहावे. ऊन दोघांनाही सारखेच लागते. पातेल्यापेक्षा पेटीचे पाणी अधिक उतरले असेल, तर ते उन्हाने नेले नाही, हे उघड आहे. एक पातेले आणि दोन रेघा एवढाच काय तो खर्च. तो ज्याने केला नाही, त्याचे अज्ञान निष्पाप म्हणता येईल काय? आमच्या मते पहिल्या आठवड्यात येईल. शंका एकदा बोलून दाखवली गेल्यानंतर येणार नाही. शंका ऐकू आली, की अज्ञानाचा आसरा संपतो.

गळती स्वतःही पुरावा ठेवीत असते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी सांध्यातून झिरपून वाळले, की काचेवर बाहेरच्या बाजूने पांढरी रेघ उमटते. रोज पुसणारा हात ती रेघ पुसून टाकतो, आणि घर स्वच्छ ठेवल्याचे समाधान मानतो. पुसण्यापूर्वी क्षणभर थांबून ही रेघ आली कोठून, असे विचारणे हीच खरी स्वच्छता होय.

आता बैठकीकडे वळू. आपल्या जुन्या घरांतून पाण्याच्या घागरी घडवंचीवर ठेवीत. घडवंचीची रचना आठवून पाहावी. चार पाय, मध्ये मोकळी चौकट, खाली हवा खेळती. घागर पाझरणार, हे तिच्या कर्त्याने गृहीतच धरले होते. म्हणून पडलेले पाणी खाली निघून जाई आणि लाकूड पुन्हा वाळे. आजची बैठक म्हणजे चहूंकडून बंद कपाट, पुष्कळदा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, वर गुळगुळीत कागद चिकटवलेले. ते दिसण्यात नेटके असते. पण त्याच्या कर्त्याने पाणी कधी सांडणारच नाही असे गृहीत धरलेले असते. एक थेंब कागदाच्या शिवणीतून आत शिरला, की तो बाहेर पडत नाही. फळी आतून फुगते, स्क्रूची पकड सुटते, आणि वरचा कागद मात्र पूर्ववत चकचकीत राहतो. दोष होणारच, असे मानून केलेली रचना दोष सोसते. दोष होणारच नाही, असे मानून केलेली रचना पहिल्याच दोषाने खचते. ही गोष्ट केवळ सुतारकामास लागू आहे असे नाही. संस्था, कुटुंबे आणि मैत्री ह्यांनाही ती तितकीच लागू आहे.

ह्यापुढचा भाग अधिक शोचनीय आहे. गळतीने बैठक एका कोपऱ्यात फुगते किंवा दबते. त्यामुळे पेटी समतल राहत नाही. काच सरळ भार मोठा सोसते, पण पीळ सोसत नाही. एक कोपरा जरासा खाली गेला, की तळाच्या काचेवर आणि सांध्यांवर ताण येतो, सांधा आणखी उकलतो, आणि गळती वाढते. वाढलेली गळती बैठक अधिक कुजवते. अशा रीतीने दोष आपल्याच आधाराला खातो, आणि खचलेला आधार त्या दोषाला मोठा करतो. काळ्या मातीच्या आमच्या प्रदेशात तर जमीनच पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; फरशी वर्षभर एका पातळीत राहीलच असे नाही. म्हणून बैठक एकदा समतल ठेवली आणि काम संपले, असे येथे होत नाही.

इतक्या बारीक गोष्टीचा एवढा विस्तार कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने १२ जुलै १९६१ ची आठवण करावी. पानशेतच्या मातीच्या धरणाची अवस्था बिकट झाल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते काही तास तोलून धरले, अखेर ते फुटले, आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण जाऊन पुणे शहर पाण्याखाली गेले. जवानांच्या त्या काही तासांनी पूर दिवसाउजेडी आला आणि असंख्य माणसे वाचली, असे पुणेकर आजही कृतज्ञतेने सांगतात. धरण आणि काचेची पेटी ह्यांची तुलना आम्ही आकाराने करीत नाही. पण दोन्हीकडे नियम एकच. पाणी आपली वाट शोधण्याचे कधी विसरत नाही, आणि वेळीच घातलेले एक पोते, उशिरा घातलेल्या शंभर पोत्यांहून मोलाचे ठरते.

समजा, आता दोष उघडकीस आला. एके सकाळी फरशी ओली, बैठकीचे दार फुगून बसलेले, आणि कोपऱ्यातून पाण्याची सर लागलेली. अशा वेळी गृहस्थाचा हात प्रथम कोठे जातो, ह्यावरून त्याच्या मनातील क्रम कळतो. कोणी गालिचा उचलतो, कोणी दूरदर्शन संच सरकवतो, कोणी सुताराला दूषणे देऊ लागतो. योग्य क्रम आमच्या मते असा आहे. पहिल्याने वीज बंद करावी. कारण पेटीचे पंप आणि दिवे विजेवर चालतात, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याहून आधी जपला पाहिजे, आणि मुलांना दूर ठेवले पाहिजे. दुसऱ्याने मासे. एक मोठा स्वच्छ टब किंवा बादली घ्यावी. साबणाचा अंश असलेली नको. तिच्यात पेटीचेच पाणी भरावे, आणि मग मासे जाळीने हलकेच त्यात सोडावेत. नळाचे ताजे पाणी एकदम घालू नये. त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधते. हवेचा लहान पंप कोरड्या जागेवरून जोडावा, टबावर कापड झाकावे, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. गाळणीतील स्पंजही त्याच पाण्यात ओला ठेवावा. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो, आणि त्याचे सौम्य द्रव्यात रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू त्या स्पंजात वस्ती करून असतात. स्पंज वाळला, की ते मरतात. आणि मग पेटी दुरुस्त होऊनही मासे काही दिवसांनी मरू लागतात, व गृहस्थाला कारण उमगत नाही. दिसणाऱ्या आश्रितांच्या मागे न दिसणारे आश्रित असतात, हे येथे विशेष ध्यानी घ्यावे. जीवांची व्यवस्था लागली, म्हणजे तिसऱ्याने घर, आणि चौथ्याने वस्तू.

दुरुस्तीचेही एक शास्त्र आहे. ओल्या सांध्यावर बाहेरून लेप फासणे हा सर्वांना सुचणारा उपाय. आणि तो बहुधा फसतो. पाणी आतून दाबते, तेव्हा बाहेरचा लेप सोलून निघतो. पेटी पूर्ण रिकामी करावी, आतला जुना लेप पात्याने खरवडून काढावा, काच स्पिरिटने पुसून कोरडी करावी, आणि मग नवा लेप लावावा. जुन्या सिलिकोनवर नवे नीट धरत नाही. लेपही साधा, बुरशीनाशक न मिसळलेला असावा, कारण ते द्रव्य माशांस घातक ठरते. त्यानंतर घाई करू नये; लेप पक्का होण्यास निदान दोन दिवस द्यावेत, सांधा मोठा असेल तर अधिक. मग पेटी अंगणात सपाट जागी भरून एक-दोन दिवस रिकाम्या पाण्याने तपासावी, आणि तेव्हाच मासे परत सोडावेत. मुख्य सांधाच सुटला असेल, किंवा काचेला तडा असेल, तर पेटीचा मोह सोडावा.

बैठकीच्या बाबतीत तडजोड नको. फुगलेली फळी वाळली, तरी तिचे बळ परत येत नाही. तिच्यावर रंग देऊन पुन्हा पेटी ठेवणे म्हणजे जाणून केलेला दोष होय. आमच्या जिल्ह्यातील शहाबादच्या खाणींनी सबंध दख्खनातील घरांना फरशी पुरवली; तीच जाड फरशी विटांच्या दोन खांबांवर पाणसळ लावून बसवली, तर ती पाण्याने कुजत नाही आणि खर्चही बेताचा. फरशीवर थर्माकोलचा पातळ तक्ता अंथरला, म्हणजे दगडाचा बारीकसारीक खडबडीतपणा काचेला टोचत नाही. ज्यांना लोखंडी बैठक परवडते, त्यांनी ती घ्यावी. मात्र गंजाकडे लक्ष ठेवावे. कोणत्याही आधाराला लक्ष ठेवण्यापासून सुटका देण्याचे सामर्थ्य नसते.

ह्यानंतर येतो दोषारोपाचा प्रश्न. पेटी करणारा म्हणतो, बैठक वाकडी होती. सुतार म्हणतो, पेटी गळली म्हणून बैठक फुगली. दुकानदार म्हणतो, विकताना माल उत्तम होता. घरातील मुलगा म्हणतो, पेटी धुताना ती धाकट्याने ओढली. प्रत्येकाच्या म्हणण्यात काही अंश खरा असू शकतो. बर्लिन शहरातील एका हॉटेलात 'अॅक्वाडोम' नावाचे दहा लक्ष लिटरांचे उभे मत्स्यालय होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते फुटले; दोन माणसे जखमी झाली, आणि सुमारे पंधराशे माशांपैकी मोठ्या टाकीतील जवळजवळ सर्व मेले; खालच्या निराळ्या टाक्यांतील काहीशे मासे मात्र वाचवता आले. हे मत्स्यालय नुकतेच दुरुस्त होऊन पुन्हा भरलेले होते. पुढे तज्ज्ञाने तुकडे जुळवून परीक्षा केली. तरी नेमके एक कारण ठरू शकले नाही. चिकटवलेला सांधा, तळाशी पडलेली खाच, दुरुस्तीच्या काळात कोरड्या राहिलेल्या भिंती, अशा काही शक्यता पुढे आल्या. इतके द्रव्य आणि इतके ज्ञान पणाला लावूनही दोषी सापडत नाही, तेथे आपल्या बैठकीतील पेटीचा न्यायनिवाडा करण्यात दिवस घालवणे व्यर्थ आहे.

ह्याचा अर्थ कोणीच उत्तरदायी नाही असा नव्हे. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. दोष कोणाचा, हा भूतकाळाचा प्रश्न आहे. भार कोणाचा, हा वर्तमानाचा. दोष वाटून घेता येतो, नाकारता येतो, पंचांपुढे नेता येतो. भार मात्र ज्याच्या दाराआड तो जीव आहे, त्याचाच. दुकानदाराकडून भरपाई मागण्याचा हक्क गृहस्थाला जरूर आहे. पण भरपाई मिळेपर्यंत मासे गळक्या पेटीत ठेवण्याचा हक्क त्याला नाही. पुष्कळदा आपण दोष आपला नाही एवढे सिद्ध करतो, आणि त्याबरोबर भारही उतरला असे समजतो. वृद्ध मातापित्यांच्या बाबतीत, गुराढोरांच्या बाबतीत, सार्वजनिक कामाच्या बाबतीत हीच गल्लत होते. भाऊभाऊ कोणी काय केले नाही ह्याचा हिशेब करीत बसतात, आणि आईचे औषध तसेच राहते.

आणखी एक मोह सांगितला पाहिजे. गळकी पेटी वरून पुसून, रिकामी व कोरडी दाखवून कोणाला तरी स्वस्तात विकून टाकावी, किंवा उदारपणे देऊन टाकावी, असा विचार मनात येतो. कोरड्या पेटीची गळती दिसत नाही, हे देणारास पक्के ठाऊक असते. अशा दानाने घेणारास केवळ पेटी मिळत नाही. ओली फरशी, कुजकी बैठक आणि मेलेले मासेही मिळतात. द्यायचीच असेल तर दोष सांगून द्यावी. बी रुजवण्यास किंवा धान्य ठेवण्यास ती उपयोगी पडेल. दोष सांगण्याने किंमत उतरते, पण त्याबरोबर देणाराच्या मनावरचे ओझेही उतरते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. "मासाच तो. कोळ्याच्या जाळ्यात रोज हजारो मरतात, कोट्यवधी लोक मासे खातात. दोन-चार शोभेच्या माशांसाठी एवढी धर्मचर्चा कशाला?" ह्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोळी माशाला आपल्या घरी पाहुणा म्हणून ठेवीत नाही. त्याचे आणि माशाचे नाते उपजीविकेचे आहे आणि त्यात कसलाही आव नाही. पेटीत मासा ठेवणाराने त्याच्यापासून नदी, अन्न शोधण्याचे सामर्थ्य आणि पळण्याची वाट ही सर्व काढून घेतली आहेत. जे काढून घेतले, तेवढे पुरवण्याचे ऋण त्याच्यावर चढले आहे. कर्तव्य जीवाच्या किमतीवरून ठरत नाही. त्याला आपण किती परावलंबी केले, ह्यावरून ठरते. आपल्या देशाच्या कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला, त्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या व्याख्येप्रमाणे मनुष्यावाचून प्रत्येक सजीव प्राणी त्यात येतो. आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या कल्याणासाठी वाजवी ते सर्व उपाय योजावेत, असे कर्तव्य त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितले आहे.

कायद्याच्या फार पूर्वी आपल्या परंपरेने ही गोष्ट एका कथेत सांगून ठेवली आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हातधुण्याच्या पाण्यात एक चिमुकला मासा येतो आणि रक्षण मागतो. मनू त्याला घटात ठेवतो, घट अपुरा पडल्यावर खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडतो. महाभारतातील वनपर्वात ह्याच कथेत मोठी वापी आणि गंगा हे टप्पे आणखी येतात. पुढे प्रलय येतो आणि तो मासा मनूची नौका तारतो, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण आमचे लक्ष आरंभाच्या भागाकडे जाते. मनूने माशाला पात्रात बसवले नाही. माशाला बसेल असे पात्र तो वेळोवेळी शोधीत गेला. घट त्याचा होता, म्हणून मासा घटातच राहावा, असे तो म्हणाला नाही. आश्रयदाता आणि मालक ह्यांतील अंतर एवढेच. आणि एक भेद आपल्या विरुद्ध जातो. मनूचा मासा बोलत होता. जागा अपुरी पडली की तो सांगत होता. आपला मासा बोलत नाही. म्हणून मनूला जे ऐकून कळले, ते आपल्याला पाहून कळले पाहिजे.

"मग कटकटच नको, मासे अमरजेत किंवा देवळाच्या पुष्करणीत सोडून देऊ, पुण्यही लागेल," असे काही सज्जन म्हणतात. त्यांचा हेतू शुद्ध आहे, कृती मात्र चुकीची. दुकानातले पुष्कळ मासे दूरदेशीचे असतात. काही आपल्या पाण्यात दोन दिवसांत मरतात. काही जगतात आणि फोफावतात, आणि ते अधिक वाईट. पेटीची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा, दक्षिण अमेरिकेतला 'सकर' मासा असाच हौशी लोकांनी सोडल्याने देशातील अनेक तलाव व नद्यांत पसरला आहे, आणि कोळ्यांची जाळी फाडून स्थानिक माशांस जड झाला आहे. मनूने आपला मासा जेथे तो सुखाने नांदेल तेथे सोडला. दिसेल त्या पाण्यात टाकला नाही. ज्यास मासे ठेवणे निभत नसेल, त्याने ते जाणत्या हौशी माणसास किंवा विक्रेत्यास परत द्यावेत. त्यात पुण्याचा गाजावाजा नाही, पण धर्म आहे.

शेवटी उरतो मूळ प्रश्न: अशी पेटी घरात ठेवावीच काय? आम्ही सरसकट निषेध करीत नाही. मूल काचेपुढे तासभर निश्चल बसून एका जिवाचा श्वासोच्छ्वास पाहते, ही काही लहान शिकवण नव्हे. परंतु पेटी आणण्यापूर्वी तिच्या किमतीबरोबर आणखी काही खर्च मनात मांडावेत. रोज एक नजर सांध्यांवर, आठवड्यास एक हात बैठकीच्या आतल्या बाजूस, महिन्यास एकदा पाणसळ, उन्हाळ्यात शेजारी एक पातेले, आणि आकस्मिक प्रसंगासाठी एक स्वच्छ टब कायमचा राखून ठेवलेला. एवढे देण्याची तयारी असेल, त्याने खुशाल हौस करावी. ज्याला एवढे जड वाटते, त्याने तुळशीला पाणी घालावे. तीही लक्षच मागते, पण एक दिवस चुकला तर क्षमा करते.

दुसऱ्याचे जीवन आपल्या हाती घेतल्यावर आपले विस्मरणही कर्म होते, हे ह्या छोट्या विषयातून आम्हांस सांगावयाचे होते. मोठ्या संकटात माणसे धैर्य दाखवतात, ह्याची उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. धैर्याचा प्रसंगच येऊ न देणारी जी रोजची नजर, तिची उदाहरणे कोणी लिहून ठेवीत नाही, कारण तेथे काहीच घडलेले नसते. फरशी कोरडी असते, मासे हिंडत असतात, आणि घरातील माणसे निश्चिंत झोपलेली असतात. गृहस्थधर्माचे यश बहुधा असेच असते. ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर एकदा तिच्या बैठकीचे दार उघडून आत हात फिरवावा, एवढीच विनंती.